थोरलीचं पान

रविवारी रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, दहा वर्षांची आहे. तिच्या शाळेत सध्या मधल्या सुट्टीत भुतांच्या गोष्टींची टूम निघालीय आणि रोज एकीनं एक भूत आणायचं असं ठरलंय. तिच्या वाट्याला हडळ आली होती. भाताचा घास हातात धरूनच तिनं विचारलं, "आजी, हडळ कशी होते गं?" आई सोलकढी वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "बाळंतपणात बाई गेली की तिची होते." आवाजात भीती नाही, गंमत नाही, विचारलं म्हणून सांगितलं. भाचीनं घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाली, "म्हणजे आपली थोरली पणजी?"

"जेव गप्प," आई म्हणाली.

दादानं ताकाचं पातेलं उगाच पुढे ओढलं. वहिनी स्वयंपाकघरात गेली. बाबा मान खाली घालून भात कालवत राहिले. थोरली ही बाबांची जन्मदाती. ते तीन वर्षांचे असताना ती दुसऱ्या बाळंतपणात गेली, आणि बाळही गेलं. आता बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. एवढ्या वर्षांत आमच्या घरात हडळीच्या गोष्टी शेकड्यांनी झाल्या असतील, आणि थोरलीचं नावही सणासुदीला निघत आलं. पण या दोन गोष्टी एका वाक्यात कुणी आणल्या नव्हत्या. त्या दहा वर्षांच्या पोरीनं त्या आणल्या आणि मला त्या रात्री झोप लागेना.

थोरलीचा फोटो नाही. ती १९४६ साली गेली, तोवर तिचा फोटो काढावा असा प्रसंगच आला नसावा. तिची म्हणून घरात एकच वस्तू आहे, देव्हाऱ्यातला टाक. खंडोबाच्या नि कुलस्वामिनीच्या टाकांशेजारी तो ठेवलेला असतो, पण तो मुळात देव्हाऱ्यातला नव्हे. तो आजीच्या गळ्यातला. आजी म्हणजे आजोबांची दुसरी बायको, जिनं बाबांना वाढवलं आणि जिच्या कुशीत मी लहानपणी झोपायचे ती. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबरच हा टाक बांधला गेला. पहिली बायको वारली असेल तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत आपल्याकडे घरोघर होती. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई, दोन्ही हात अंगालगत, वर ओवायला कडी. मी पाहिला तेव्हा त्या बाईला नाक-डोळे उरले नव्हते. आजीच्या अंगावर पन्नास वर्षं घासून घासून चेहरा गुळगुळीत झाला होता. फक्त पदराची रेघ नि पायांची दोन टोकं बोटाला लागायची. कडीच्या खाचेत साबण नि हळद साठून काळी पडलेली असायची, ती आजी दिवाळीच्या आदल्या दिवशी सुईनं काढायची आणि मग टाक चिंचेनं घासायची.

आजी नवं लुगडं नेसायच्या आधी त्याचा पदर टाकाला लावायची. हळदीकुंकवाला गेली तर तिथं मिळालेलं कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. आंबा कापला की पहिली फोड टाकापुढे. "थोरलीचा मान," एवढंच म्हणायची. मी सातवी-आठवीत असताना एकदा तिला विचारलं होतं, की तुला तिची भीती वाटायची का. आजी सतराव्या वर्षी या घरात आली होती. गावच्या घाडीनं, म्हणजे भुताखेतांचं बघणाऱ्यानं, तिला बजावून ठेवलं होतं की थोरली पोरासाठी परत येईल, सांभाळून राहा. आजी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पयल्यान वाटायची. मगे म्हटलंय, झील तिचो, वाढवतंय मी. बघूक इली तर येवंदे." आणि पुढचा खडा काढला.

आजीचं ते वाक्य मला अनेक वर्षं नुसतं प्रेमळ वाटायचं. त्यातला हिशेब आता कळतो.

कोकणात माणूस कसा मेला, त्याचं काय राहिलं, यावर त्याचं भूत ठरतं. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या ब्राह्मण मुलाचा मुंजा, जीव धनात अडकलेल्याचा समंध, पाण्यात गिऱ्हा, वाट चुकवणारा चकवा. भुतांनाही जात आहे, हे मला लहानपणी विचित्र वाटायचं. आता वाटतं की जिवंत माणसांनी उभं केलेलं जग, त्यात दुसरं काय असणार. पण सगळ्यांत जास्त भुतं बायकांची. नवरा जिवंत असताना इच्छा राहून गेलेली जखीण, बाळंतपणात गेलेली अळवंत किंवा हडळ. पुढून भरलेली देखणी बाई आणि मागून नुसता सापळा, पावलं उलटी. या सगळ्यांची नोंद करायची बुद्धी एका इंग्रज अधिकाऱ्याला झाली होती, आणि तो अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तोच. शाळेत आपण त्याला फक्त त्या रात्रीपुरता ओळखतो. त्यानं मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडल्या होत्या: तुमच्या गावात कोणती भुतं मानतात, विहिरीत कोण राहतं, दृष्ट कशी काढतात. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं ती उत्तरं लावली, आणि कोकणाचा खंड १९१५ साली निघाला. तळटिपांत त्या त्या गावच्या शाळामास्तरांचा उल्लेख आहे. पंतोजी दिव्याखाली बसून आपल्या गावच्या हडळीची माहिती सरकारला कळवतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्यातल्या किती मास्तरांच्या स्वतःच्या घरात गळ्यात टाक घातलेली बायको असेल!

जॅक्सन मारला गेला तो 'शारदा'च्या प्रयोगाला आलेला असताना, विजयानंद नाट्यगृहात. म्हातारा विधुर आणि कोवळी मुलगी यांच्या लग्नाचं नाटक. आधीच्या बायका कशानं जात होत्या आणि नव्या कोवळ्या मुली का लागत होत्या, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे.

बाळंतीण गेली की तिनं परत येऊ नये म्हणून उंबऱ्यात खिळा ठोकायचे. आणि प्रेत नेताना मागे वाटेवर राळे पेरायचे. बारीक, गोल, मोहरीएवढं धान्य. ती परत निघाली तर तिला ते सगळे वेचावे लागतात, वेचता वेचता उजाडतं आणि ती मागे फिरते. मला वाटायचं ही आमच्या लाल मातीतली युक्ती. पण युरोपात पिशाच्च उठू नये म्हणून थडग्यात खसखस किंवा बाजरीसारखं धान्य टाकत, तेही त्यानं दाणा दाणा मोजत बसावं म्हणून. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादला सुकुयाँ नावाची म्हातारी रात्री कातडी काढून ठेवून आगीचा गोळा होऊन उडते. तिच्यासाठी दाराशी तांदूळ पसरतात, ते मोजून झाल्याखेरीज तिला घरात शिरता येत नाही. तीन खंडांतल्या माणसांना मेलेल्याला अडवायला धान्यच सुचावं, याचं मला नवल वाटत राहतं. आमची थोरली जिवंतपणी रोज काय करत असेल? चाळीतल्या आठ माणसांचे तांदूळ निवडत असेल. तिच्या मागेही राळे टाकले असणारच. मेल्यावरही तिच्यापुढे निवडणच टाकलं.

मलायात बाळंतपणात गेलेल्या बाईच्या तोंडात काचेचे मणी भरत, म्हणजे तिला किंचाळता येऊ नये. दोन्ही काखांत कोंबडीचं एकेक अंडं आणि तळहातात सुया, म्हणजे तिला हात पंखांसारखे हलवून उडता येऊ नये. नाहीतर तिची लांगसुयार होते, लांब नखांची, घोट्यापर्यंत केसांची. पण तिथल्या लोकांनी पुढची गोष्टही जपली आहे. लांगसुयारला कुणी पकडलं, तिची नखं नि केस कापून मानेमागच्या भोकात कोंबले, तर ती पुन्हा साधी बाई होते, लग्न करते, तिला मुलंही होतात. वर्षानुवर्षं नांदते. मात्र गावच्या उत्सवात तिला नाचू द्यायचं नाही. नाचली की तिचं मूळ रूप परत येतं आणि ती रानात उडून जाते. मला या गोष्टीत भूत दिसत नाही. केस कापलेली, नखं कापलेली, गप्प नांदणारी आणि नाचायची बंदी असलेली बाई मी भुतांच्या गोष्टींबाहेरही खूप पाहिली आहे. बोर्निओत तर विषुववृत्तावर एका मोठ्या शहराचं नावच पोंतियानाक, बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताचं. १७७१ साली तिथं वसाहत करायला आलेल्या सुलतानानं त्या भुतांना हुसकायला तोफा डागल्या, अशी त्या शहराच्या जन्माची कथा सांगतात. तोफा! बाळंतिणींवर!

जपानची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. क्योतोत रात्री उशिरा एका मिठाईच्या दुकानाचं दार वाजतं. फिकट चेहऱ्याची बाई एक नाणं पुढे करते, एका नाण्याची गोडाची चिक्की मागते आणि निघून जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. सहा रात्री ती येते. सातव्या रात्री तिच्याकडे नाणं नसतं. ती म्हणते, पैसे नाहीत, पण द्याल का? दुकानदार देतो आणि तिच्या मागे निघतो. ती दफनभूमीत जाते आणि एका नव्या थडग्यापाशी दिसेनाशी होते. आतून तान्ह्याचं रडणं ऐकू येतं. खणून पाहतात तर मेलेल्या आईजवळ जिवंत मूल, हातात चिक्कीचा तुकडा. मेलेल्या माणसाला परलोकीची नदी ओलांडायला प्रेताबरोबर सहा नाणी ठेवायची तिथं रीत होती. तिनं ती सहा नाणी रोज एक याप्रमाणे मुलासाठी खर्च केली. म्हणजे तिनं आपला पलीकडे जायचा रस्ताच विकला. ती चिक्की त्या भागातल्या दुकानात आजही मिळते. बाकी जपानी गोष्टींत बाळंतपणात गेलेली उबुमे तिठ्यावर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, माझं मूल जरा धरा. धरणाऱ्याच्या हातात ते मूल जड जड होत जातं. मला आजी आठवते. तिनं धरलं होतं, सतराव्या वर्षी. आणि खाली ठेवलं नाही.

बँकॉकच्या वात महाबुत देवळात मे नाकची मूर्ती आहे. नवरा लढाईवर गेलेला असताना ती बाळंतपणात गेली, पण तो परत आला तेव्हा ती मुलाला घेऊन दारात उभी होती, आणि तो आनंदानं तिच्याबरोबर राहिला. एक दिवस तिच्या हातून लिंबू फळ्यांच्या फटीतून खाली पडलं. तिनं वरूनच हात लांब करून ते उचललं. नवऱ्यानं पाहिलं आणि तो पळाला. आज लोक तिला भरजरी पोशाख वाहतात, बाळासाठी खेळणी ठेवतात, तिच्यापुढे टीव्ही लावून ठेवतात. सैन्यभरतीत आपलं नाव येऊ नये म्हणून तरुण मुलं तिला नवस बोलतात, कारण तिचा नवरा सैन्यानं नेला होता. तिला काय लागलं होतं हे त्या शहरानं विसरू दिलेलं नाही. तिच्या देवळात घाबरत घाबरत जाऊन खेळणं ठेवणाऱ्या माणसाला मी अंधश्रद्ध म्हणू शकत नाही. मला म्हणताच येत नाही.

मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांनी तर बाळंतपण म्हणजे लढाई असंच धरलं होतं. त्यात गेलेली बाई रणात पडलेल्या योद्ध्याच्या बरोबरीची. योद्धे सूर्याला सकाळी माथ्यापर्यंत नेत, आणि तिथून मावळतीपर्यंत त्याला या बायका नेत. तिचं प्रेत देवळाच्या आवारात पुरायला नेताना सुइणी ढाली घेऊन, ओरडत चालत, कारण तरुण शिपाई तिचं मधलं बोट नि केस तोडून न्यायला टपलेले असत. ते ढालीला लावलं की लढाईत भीती वाटत नाही, असा समज. नवरा चार रात्री थडग्यावर पहारा द्यायचा. हे सगळं सोळाव्या शतकात सहागून या स्पॅनिश पाद्र्यानं तिथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहून घेतलं. याच बायका वर्षातल्या ठराविक दिवशी चौकात उतरतात आणि पोरांना धरतात, म्हणून त्या दिवशी पोरांना घराबाहेर सोडत नसत. भीती तिथंही होतीच. पण तिच्या जोडीला सूर्य होता.

आमच्याकडे काय होतं? आमच्याकडे परळ होतं.

हे मला नीट सांगायचंय, कारण रविवारच्या रात्रीनंतर माझ्या डोक्यात तेच चाललंय. आजोबा गिरणीत होते, लालबागला एका खोलीत आठ माणसं. त्या खोलीपासून चालत पाऊण तासही नाही, पंधरा-वीस मिनिटांवर परळचं वाडिया प्रसूतिगृह. ते १९२६ साली सुरू झालं होतं आणि मुळात गिरणी कामगारांच्या घरच्या बायकांसाठीच बांधलं होतं. थोरली गेली तेव्हा त्याला वीस वर्षं झाली होती. कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा नि त्या काळात भत्ता मिळावा म्हणून १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकर बोलले आणि १९२९ साली तसा कायदाही इथंच, मुंबई इलाख्यात झाला. थोरली गिरणीत कामाला नव्हती, तेव्हा तो कायदा तिच्यासाठी नव्हता. पण दवाखाना होता. तरी तिला गावी धाडलं, कारण आठ जणांच्या खोलीत बाळंतिणीची खाट कुठं टाकायची, विटाळ कुठं पाळायचा, शेगडी कुठं ठेवायची? सगळ्याच बायका जायच्या. पावसाळ्यात आगबोटी बंद होत, म्हणून मे महिन्यात शेवटच्या बोटीनं तिला विजयदुर्गाला उतरवलं. श्रावणात कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सुईणीनं हात टेकले तेव्हा वाघोटण खाडीला पूर होता आणि होडी घालायला कुणी तयार नव्हतं. बाबांना यातलं काहीच आठवत नाही. फक्त खूप माणसं आणि पाऊस, एवढंच ते सांगतात. मी लहानपणी वाडियाच्या भिंतीला लागून कितीदा शाळेत गेले असेन. माझा स्वतःचा जन्म तिथला. आमच्या घरातल्या पुढच्या दोन पिढ्या तिथं जन्मल्या, आणि त्या भिंतीजवळून जाताना थोरली कधी माझ्या मनात आली नाही.

आपण हडळीला का भितो, याचं घरोघर एकच उत्तर देतात: तिची इच्छा राहिली. मला ते आता पुरत नाही. इच्छा सगळ्यांच्याच राहतात. ऐंशी वर्षं जगून गेलेल्यांच्याही राहतात, त्यांच्या मागे कुणी राळे टाकत नाही. राळे टाकणाऱ्यांना आतून ठाऊक असणार की हिला वाचवता आलं असतं, आपण हललो नाही. खोली लहान, पाऊस मोठा, पैसा नाही, रीत तशी, सगळं खरं. तरी ती उंबऱ्यात येऊन विचारील हे खरंच वाटत असणार, म्हणून उंबऱ्यात खिळा. चूक कुणा एकाची नाही, आणि म्हणूनच ती कुठं ठेवावी हे कळत नाही. ती बाईच्याच अंगाला चिकटवून तिला पिंपळावर, विहिरीवर, तिठ्यावर पाठवून दिली.

आमच्या चाळीत भुतांच्या गोष्टी गॅलरीत व्हायच्या, रात्री दहानंतर. तिसऱ्या पाळीला जाणारे डबे घेऊन निघाले की उरलेली माणसं कठड्याला टेकून बसायची. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथला दिवा कायम गेलेला. त्या गोष्टींत हडळ नेहमी गावाकडे असायची. मुंबईत तिला कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही. लहान असताना वाटायचं इथं दिवे असतात म्हणून नसेल. आता चाळीच्या जागी बावीस मजले आहेत, संडास घरात आहे, गॅलरी नाही, आणि गोष्टी शाळेच्या मधल्या सुट्टीत गेल्या आहेत. बाळंतपणात जाणाऱ्या बायकाही कमी झाल्या. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे ३३ आयांचा मृत्यू झाला, देशभरात ९७. यामागे दवाखान्यांतल्या, आरोग्य केंद्रांतल्या, वस्त्यांतून दारोदार फिरणाऱ्या किती बायकांचे कष्ट आहेत, याची मला जाणीव आहे आणि हडळीसकट सगळं गेलं तर जावं असंच मला वाटतं. पण भीती गेली तसा आजीचा पदर टाकाला लागायचा, तोही गेला. वहिनी टाकावर रोज फूल ठेवते ते देव म्हणून. थोरलीला घाबरायचं म्हणून तरी तिला पहिली फोड मिळत होती.

भाद्रपदातल्या म्हाळाच्या पंधरवड्यात अविधवा नवमी येते, सवाष्ण गेलेल्या बायकांची. आमच्या घरी ती होत असे. केळीचं पान, त्यावर हिरव्या बांगड्या, खण, आणि जेवायला एक सवाष्ण. ज्या बाईला एरवी जखीण म्हणून भ्यायचं तिलाच त्या दिवशी मानानं जेवू घालायचं. आजोबा १९८१ साली गेले आणि नवमी थांबली. नवरा गेल्यावर ती करत नाहीत, असं भटजींनी सांगितलं. म्हणजे थोरलीची सवाष्ण म्हणून मोजदादही आजोबा असेपर्यंतच. पुढं ती सर्वपित्रीच्या गर्दीत गेली. आजीला ते पटलं नव्हतं, पण ती काही बोलली नाही. तिनं तिच्या परीनं टाक गळ्यात ठेवला, शेवटपर्यंत.

बुधवारी मी आईला म्हटलं, यंदा थोरलीची नवमी करूया. आई म्हणाली, "भटजी येणार नाहीत." मी म्हटलं, भटजी नकोत, पान वाढू. तिनं थोडा विचार केला आणि एकदम कामालाच लागली: वडे, खीर, भोपळ्याची भाजी, गवार. मग थांबली. "तिला काय आवडायचं?" हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलाच नव्हता. नवमीला जे सगळ्यांकडे करतात तेच तिच्यासाठी होत आलं होतं. हे सांगू शकेल असा एकच माणूस उरलाय, आजोबांचे धाकटे भाऊ, गावी असतात. थोरली गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. तात्या आजोबांना ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग ते लगेच म्हणाले, जसं काही काल जेवायला बसले होते, "वयनीक? उकड्या तांदळाची पेज नि चुलीत भाजलेलो सुको बांगडो. वरसून खोबरेल. माका पण देयत असायची, गुपचूप."

आई फोनकडे बघत राहिली. "म्हाळाला बांगडा कसा वाढायचा?"

"बांगडाच," बाबा आतल्या खोलीतून म्हणाले. ते ऐकतायत हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आईनं ओठ आवळले. भटजींना न विचारता तिनं आजवर काहीही केलेलं नाही. मग तिनं दादाला हाक मारली आणि विचारलं, गावाहून कोकणकन्येनं कोण येतंय का, कारण उकडा तांदूळ इथला नको, आणि बांगडेही तिकडचेच मागव, डझनभर तरी, तात्या आजोबा यायचे म्हणतायत.